सूचना आणि हरकती

मा. सचिव साहेब,
मृत्युपत्राच्या कायद्यात बदल करायचे म्हणता,
तीस दिवसांत हरकती मागवल्यात.
कागद पारोळ्याला पोचला तेव्हा एकोणीस उरले होते.
मी तहसील कचेरीच्या भिंतीला लागून
पत्र्याखाली बसतो. दस्तलेखक. परवाना जुना.
मे महिन्यात शाईचा पॅड दुपारीच कोरडा पडतो,
मग माठातलं पाणी शिंपडून
मी लोकांचे अंगठे उठवतो.

तुमच्या मसुद्यात मोबाइलवर चित्रण आहे,
डॉक्टरचा दाखला आहे, साक्षीदार दोनाऐवजी एक.
चांगलं आहे. माझी हरकत तिथं नाही.
माझी हरकत कलमात बसत नाही,
म्हणून आधी मथाबाई सांगतो.

मथाबाई काशिराम शिंपी. शिवणाचं मशीन एक,
खण दोन, मागं शेवगा.
पोटी कोणी नाही. पुतण्या सुरतेला.
शेजारची कोकिळा तिला उचलून मोरीत न्यायची,
दादरची भाकरी दुधात कुस्करून भरवायची.
त्या दिवशी हातगाडीवर बसून आली मथाबाई,
गाडीवरूनच बोलली:
“घर कोकिळाले दी टाक, भाऊ.
मन्हं हागलं-मुतलं तिनी काढं.
मशीन पुतण्याले दे. तो धाकला व्हता तवय
त्यानी चड्डी त्याच मशीनवर शिवेल शे.”

मी लिहिलं:
‘मी माझ्या राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत असताना,
कोणाच्याही दाबदडपणाशिवाय…’
हागणं-मुतणं म्हणजे ‘सेवाशुश्रूषा’.
चड्डी गाळली.
दस्तात चड्डीला जागा नसते.

पुढं अमळनेरच्या कोर्टात अकरा वर्षं.
साक्षीदार बुधा गुरव वारला.
साक्षीदार हिलाल पाटलाला आठवेना
आधी अंगठा उठला की आधी त्याची सही झाली.
मी म्हटलं, मी होतो ना, मी ऐकलंय.
वकील म्हणाला, तुम्ही लेखक.
लेखक म्हणजे साक्षीदार नव्हे.
बरोबर असेल. बाईचा शब्द न् शब्द
ज्याच्या कानातून बोटांत उतरला
तो कायद्याच्या लेखी तिथं नव्हताच.

मग समोरच्यांनी माझीच आणखी चार मृत्युपत्रं काढली.
तामसवाडीचा कोळी, बहादरपूरची विधवा,
एक सोनार, एक निवृत्त मास्तर.
तेच वाक्य. तोच स्वल्पविराम.
‘शुद्धी’ची तीच चुकलेली वेलांटी.
न्यायाधीशांनी चष्मा काढला, विचारलं,
यात बाई कुठे आहे?

साहेब, मला उत्तर आलं नाही.
चड्डी लिहिली असती तर आलं असतं.
सुरतेच्या माणसाची ती चड्डी
कोकिळेला कुठून सुचली असती?

घर विकलं गेलं. शेवगा तोडला.
मशीन भंगारवाल्यानं वजनावर नेलं.
कोकिळा बसस्टँडमागं भाड्यानं राहते,
दिसली की मीच रस्ता ओलांडतो.

तर सूचना अशी, की लिहिणाऱ्याला शपथ द्या
आणि दस्तात अर्धं पान कोरं ठेवा.
तिथं माणूस बोलेल तसं उतरवायचं,
अहिराणी असो, पावरी असो,
शिवी असली तर शिवीसकट.
आणि ते वाक्य आमच्याकडून जप्त करा.
आम्हाला ते आपणहून सुटणार नाही.

इथवर लिहिलं आणि गिऱ्हाईक आलं.
हातात आधारकार्डाची पिशवी, सोबत नातू.
मी पेन उघडलं, म्हटलं, बोला मावशी,
तुमच्या मनात आहे तसंच बोला,
तसंच्या तसं लिहितो.
तिनं नातवाकडं पाहिलं, पदर सारखा केला,
घाबरून म्हणाली,
“तुम्हीच लिखा ना भाऊ.
कायदामा बठस तसं.”